बॉडी प्लस

"काय साफ केलास रे रेडिएटर? बाहेरून पाणी मारलंस आणि फडक्याने पुसलंस, एवढंच ना?"

"नाय साहेब. दोन्ही टाक्या उघडल्या, एकेका नळीत सळई घातली. तुमच्यासमोर."

"मग मिटमिट्यापाशी उकळली कशी? लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आणि मीनाक्षीला दीड तास रस्त्याकडेच्या दगडावर बसवली मी! दोन्ही गुडघे बदललेली बाई आहे ती, शिवराज. दगडावर!"

कैलासनगरच्या गॅरेजांच्या त्या रांगेत सगळ्यांचे हात थांबले होते. सदाशिवराव सावरगावकरांचं ओरडणं थांबून ऐकावं असंच असायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण आवाज अजून धरणाच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. आणि त्या आवाजासमोर रेडिएटरवाला शिवराज, पस्तिशीचा, अंगाने आडवा, मान खाली घालून उभा. बाजूला ती गाडी. हिरवी, विलायती, दोन सीटांची, वर छप्पर नाही. सदाशिवरावांच्या वडिलांनी छावणीतल्या एका पारशी डॉक्टरकडून घेतलेली. तिच्याकडे बघायला अजून लोक थांबत.

समोरच्या दुकानात इब्राहीम स्टुलावर बसून हे ऐकत होता. वय एकोणसत्तर, धंदा गाड्यांच्या वायरिंगचा, दुकान तेच, बेचाळीस वर्षं. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पंख्यावर कुणाचा संशय नव्हता. पंखा इब्राहीमने बसवला होता.

•

पंखा कसा बसवला:

जुन्या गाडीत लोखंडी पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद झालं की तोही मंद. पूर्वी हे चालून जायचं, कारण रस्ते रिकामे होते. आता क्रांती चौकात दोन सिग्नल लागले की बॉनेटमधून वाफ. म्हणून सदाशिवराव म्हणाले, इब्राहीम, विजेचा पंखा बसव, इंजिन काहीही करो, तो फिरत राहिला पाहिजे.

इब्राहीमने भंगारातून एका छोट्या गाडीचा पंखा निवडून आणला. पट्ट्या कापल्या, वाकवल्या, खाली रबराच्या चकत्या घातल्या. रेडिएटरला एकही भोक पाडलं नाही. पंखा रेडिएटरच्या मागे, पुढची हवा आत ओढेल असा. फ्यूज, रिले, बटण. लाल वायर करंटला, काळी बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. बटण दाबलं. फिरला.

सदाशिवरावांनी गाडी पैठण गेटच्या गर्दीतून फिरवून आणली. तापमानाचा काटा जागेवर. "वा रे पठ्ठ्या," असं ते म्हणाले, आणि इब्राहीम त्या दिवशी घरी रिक्षातून गुणगुणत गेला.

मग रविवार. शहराबाहेरचा मोकळा रस्ता. आणि मिटमिटा.

•

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी.

गेल्या वर्षी इब्राहीमने एका रिक्षाच्या हॉर्नची वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला की हॉर्न वाजे. अख्खी रांग पोट धरून हसली. इब्राहीमही हसला. ती पहिली चूक.

दुसरीला कुणी हसलं नाही. शाळेची व्हॅन होती, नवी वायर टाकली आणि फ्यूज घालायचा राहिला. जळका वास आला, ड्रायव्हर जागा होता, मुलं उतरली, काही झालं नाही. ती शाळा आमरीनची. इब्राहीमची ही थोरली लेक तिथं सातवीला गणित शिकवते. त्या दिवशी तिने डबा भरता भरता सांगितलं, "अब्बा, अब और एक हुई ना, तो शटर नीचे. मैं चाबी लेलूँगी."

"ठीक है," इब्राहीम म्हणाला होता. तिसरी होणार नाही याची त्याला खात्री होती. इतकी, की त्याने तिच्या हातावर हात मारून वचन दिलं.

•

सदाशिवराव चार वाजता येतो म्हणून रिक्षाने गेले. शिवराजने पाना उचलला.

"आता पुन्हा उतरवायचा," तो म्हणाला. "तिकडं ट्रॅक्टरवाला वैजापूरहून येऊन बसलाय, त्याला काय सांगू? चाचा, तुम्हीच सांगा, मी कामात कधी खोट केली का?"

"नाय केली. थांब जरा. उतरवू नको. गाडी चालू करून बघतो."

"बघा. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला च्या पाजून येतो. लई तापलाय तोबी."

इब्राहीमने इंजिन चालू केलं, पंख्याचं बटण दाबलं आणि गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले. आवाज बरोबर होता. पंखा जोरात होता. गल्लीत थंड राहते, मोकळ्या रस्त्यावर उकळते. असं कुठं असतं? मोकळ्या रस्त्यावर तर उलट वारा लागतो.

तोंडावर गरम हवा येत होती. मे महिना. सगळीच हवा गरम. त्यामुळे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की ही हवा गाडीतून येते आहे.

त्याने खांद्यावरचं फडकं जाळीपुढे धरलं. ते आत ओढलं जाऊन जाळीला चिकटायला हवं होतं. ते त्याच्या छातीवर उडून आलं.

पंखा उलटा फिरत होता. उभ्या गाडीत कुठूनही वारा लागला तरी चालतो. पण गाडी पळायला लागली की समोरचा वारा आत येणार, पंखा त्याला बाहेर ढकलणार. मधल्यामध्ये रेडिएटरला काहीच नाही.

का उलटा, ते त्याला लगेच कळलं. तरी त्याने उठून बॉनेटखाली पाहिलं. बॅटरीमागच्या पत्र्यावर, धुळीच्या थराखाली, पिवळ्या रंगात इशाऱ्याची उर्दू अक्षरं होती. त्याने अंगठ्याने धूळ पुसली.

होशियार. बॉडी प्लस.

अक्षर त्याचंच होतं. सत्तावीस वर्षांचा असताना काढलेलं.

•

पंखा कसा बसवला, पुन्हा:

बाकी सगळं वर सांगितलं तसंच. पट्ट्या तशाच, चकत्या तशाच. पण आजकालच्या गाड्यांमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, आणि या जुन्या विलायती गाडीत प्लस. तिच्यात लाल वायर बॉडीला लावायची असते, काळी करंटला. नाहीतर मोटर उलटी फिरते.

आणि हे अख्ख्या रांगेत कुणाला ठाऊक होतं? इब्राहीमला. नव्याने धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो हाच सवाल टाकायचा: "सांग, बॉडी प्लस की मायनस?" पोरगं "मायनस" म्हणालं की इब्राहीम हसायचा, "आधी गाडीला विचार." शिवराजलाही त्याने विचारलं होतं. शिवराजही "मायनस" म्हणाला होता.

गाडीला न विचारता त्याने वायर लावली होती. हात आपोआप चालले होते. त्या वेळी डोक्यात काय होतं, हे त्याने खूप आठवून पाहिलं. काही नव्हतं. नुसती एक मोकळी जागा होती.

•

वायरी बदलायला दोन मिनिटं लागली. फडकं जाळीला जाऊन चिकटलं.

कुणी पाहिलं नव्हतं.

शिवराज पाना घेऊन आला. "काय निघालं, चाचा?"

"हवा अडकली होती पाण्यात," इब्राहीम म्हणाला. "काढली. आता नाय तापणार."

इतकं सोपं होतं ते. एक वाक्य. शिवराजच्या हातातला पाना खाली आला, आणि इब्राहीमला वाटलं, आता हा सुटलो म्हणून हसेल. शिवराज हसला नाही.

"म्हंजी माझंच चुकलं की," तो म्हणाला. "पाणी मीच भरलं होतं. हवा काढायचं काम माझं. आन् मी साहेबांना तोंड वर करून उत्तर देत बसलो." त्याने कपाळाला हात लावला. "बरं झालं तुम्ही बघितलं. न्हायतर पुन्हा कुठंतरी बसली असती ती माय दगडावर."

इब्राहीम दुकानात गेला, स्टुलावर बसला. दुपारचा डबा त्याने उघडला नाही. समोर शिवराज ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी भरत होता. भरून झालं की हवा काढायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा काढायचा. तीनदा.

•

चार वाजता सदाशिवराव आले. शिवराज स्वतःहून पुढे झाला.

"साहेब, माझीच चूक व्हती. हवा ऱ्हायली होती आत."

"राहिली होती? आणि सकाळी काय म्हणत होतास? एकेका नळीत सळई घातली? अरे, तुझ्या बापाने रेडिएटरला हात लावला की मी मागे वळून बघत नव्हतो! त्या माणसाचं नाव लावतोस ना पाटीवर? पुसून टाक ते! कामात लक्ष नाही तर भजी तळ, कुणाची बायको तरी दगडावर बसणार नाही..."

"साहेब," दुकानातून उठून आलेला इब्राहीम म्हणाला.

"तू मधे पडू नकोस. तू त्याला पाठीशी घालतोस म्हणून..."

"साहेब, हवा नव्हती. पंखा उलटा होता. मी वायर उलटी लावली. या गाडीची बॉडी प्लस, मी मायनस धरली. सकाळी खोटं बोललो याच्याशी."

शिवराजने मान वर केली. सदाशिवरावांचं तोंड अजून उघडंच होतं. अर्धी शिवी आत राहिली असावी. चेहरा लाल, बोट हवेत. इब्राहीम वाट बघत उभा राहिला. तेवीस वर्षांपूर्वी डायनॅमोची जोडणी सैल राहिली तेव्हा या माणसाने त्याला याच रस्त्यावर असा झोडपला होता की आठ दिवस दोघं बोलत नव्हते.

बोट खाली आलं.

"असं होय," सदाशिवराव म्हणाले. आवाज एकदम घरातला झाला. "असू दे. होतं. आता बरोबर लागलीय ना? झालं तर मग."

"काय झालं? वहिनी दीड तास दगडावर बसल्या."

"अरे, त्यात काय... गप्पा मारल्या आम्ही. वारा होता."

"साहेब, बोला की मला. याला बोलत होता तसं बोला."

"कशाला उगाच? या वयात... माझंच बघ, परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला." ते शिवराजकडे वळले, आणि आवाज पुन्हा थोडा चढला. "आणि तू! चूक नसताना कबूल कशाला करतोस रे गाढवा?"

शिवराजला बरं वाटलं, हे इब्राहीमला दिसलं. शिवराज आपल्यावर चिडला असता तरी इब्राहीमला चाललं असतं. पण शिवराजने आतून खुर्ची आणली, झटकली, आणि म्हणाला, "चाचा, बसा. सकाळपास्नं उन्हात हायेत तुम्ही."

•

त्याने आमरीनला फोन लावला.

"तीसरी हो गयी," तो म्हणाला.

पलीकडे मुलांचा गलका होता. तो कमी झाला. ती बाहेर वऱ्हांड्यात आली असावी.

"किसी को कुछ हुआ?"

"नहीं. सदाशिव साहेब की गाडी थी. मैंच बता दिया उनको."

भांडेल असं त्याला वाटलं. मी सांगितलं नव्हतं का, म्हणेल. निदान चावीचं तरी बोलेल.

"अब्बा, खाना खाये क्या?" तिने विचारलं.

"खाया," तो म्हणाला.

•

"चल, तुला पडेगावला सोडतो," सदाशिवराव म्हणाले. "गाडीची ट्रायलही होईल."

इब्राहीमने शटर ओढलं, कुलूप घातलं. शिवराजने गाडीचं बुटकं दार उघडून धरलं. बेचाळीस वर्षं या गाडीचं काम केलं, तिच्या खाली आडवा झाला, बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरला, ड्रायव्हरच्या जागी बसून बटणं दाबली. डाव्या सीटवर, पाहुण्यासारखा, तो कधी बसला नव्हता. सीट फार खाली होती. पाय लांब करून बसावं लागत होतं, आणि हात कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं.

नगरनाक्याला सिग्नलवर तीन मिनिटं थांबले. बाजूच्या बसमधून कुणीतरी मोबाइल काढून फोटो घेतला. छावणी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, गाडीने वेग घेतला. सदाशिवरावांनी काट्याकडे बोट केलं. काटा मधोमध होता.

"बघ," ते म्हणाले. "एकदम सरळ."

इब्राहीमने मान हलवली. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नव्हतं, ते बरंच होतं.

पडेगावच्या अलीकडे गतिरोधक आला. सदाशिवरावांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा डावा हात आपोआप इब्राहीमच्या छातीपुढे आडवा आला, लहान मूल पुढे बसलेलं असावं तसा. गाडी हळूच वर चढली, उतरली. हात परत गिअरवर गेला. सदाशिवरावांच्या ते लक्षातही आलं नसावं.

पुढे वळणावर आणखी एक गतिरोधक होता. त्याचे पांढरे पट्टे लांबूनच दिसत होते. तो हात पुन्हा आडवा येण्याआधी इब्राहीम सरळ झाला, पाय टेकवले आणि दोन्ही हातांनी समोरचा पत्रा घट्ट धरून बसला.