पुढे अडथळा आहे

कुकरची शिट्टी झाली आणि पहाटेचं सामसूम घर दचकलं. दीपमालानं गॅस बारीक केला, झोपेत कुशीवर वळलेल्या लेकीला, प्रेरणाला थोपटलं. कुकर म्हणजे बरं यंत्र होतं बिचारं. एका वेळी एकच गोष्ट सांगायचं.

दुसरं यंत्र पडवीत होतं, बचत गटाला मिळालेला फवारणीचा ड्रोन. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन दीपमाला त्याची पायलट झाली होती. सासू तानाबाई शेतात तण निंदायला जाताना वाटेत भेटेल त्याला सांगायची, "माही सून इमान चालवते."

प्रशिक्षणात साहेबांनी धोक्याच्या एक्केचाळीस सूचना पाठ करून घेतल्या. एकही हलक्यात घ्यायची नाही, म्हणाले. एक्केचाळीस एकदम बोलायला लागल्या तर आधी कोणाचं ऐकायचं, ते बहुधा सोळाव्या दिवशी सांगणार होते.

त्यात गटाच्या अध्यक्ष नंदाबाईनं पूजेच्या दिवशी ड्रोनच्या नाकासमोर निंबू-मिरची बांधली. सेन्सरला ती अडथळा वाटायची. दीपमालानं सोडायला हात घातला, तर नंदाबाईनं तिचा हात धरला. "राहू दे वं. रस्त्यावरच्या गाडीले बाजूनं नजर लागते, याले तं सारं गाव मान वर करून पाह्यते." झालं. तेव्हापासून ड्रोन उठल्यापासून बसेपर्यंत रिमोटमधली बाई पुणेरी मराठीत सांगत राहायची, पुढे अडथळा आहे, कृपया लक्ष द्या. आणि दीपमालाचा अंगठा आपणहून 'ठीक आहे' दाबायचा.

त्या सकाळी किसनरावांच्या कपाशीवर फवारणी होती. धुऱ्यापलीकडे, बांधाला लागूनच्या तुरीत तानाबाई चार बायांसोबत निंदत होती. दीपमालानं चिमूटभर माती हवेत सोडून पाहिली. वारं बायांकडून इकडं येत होतं, म्हणजे काळजी नव्हती. तिनं ड्रोन उठवला. दर फेरीला माती उधळत बसायचं कारण नाही, वाऱ्याचं मशीनच बघतं, असं साहेबांनी शिकवलं होतं.

पुढे अडथळा आहे. ठीक आहे. बॅटरी चाळीस टक्के. ठीक आहे. उपग्रह कमी. ठीक आहे. सॉफ्टवेअर जुनं झालं आहे. असू दे बाई, ठीक आहे. सूचनांनी पडद्यावरचं शेतच झाकून टाकलं. ते मोकळं करता करता दीपमालाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. त्यातच कुठंतरी त्याच बाईनं, त्याच गोड गळ्यानं, वारा फिरल्याचं सांगितलं. अंगठ्यानं तेही आटोपलं. धुऱ्यापलीकडून बाया ओरडत होत्या, पण रिमोटच्या टिवटिवाटात तिला ते ऐकू आलं नाही. किसनरावांनी दंड धरून हलवलं तेव्हा तिनं वर पाहिलं. फवाऱ्याचं धुकं तुरीवर उतरलं होतं आणि तानाबाई पदरानं डोळे चोळत मटकन खाली बसली होती.

तालुक्याच्या दवाखान्यात डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. पट्टी आठ दिवसांनी सुटेल, तोवर किती दिसेल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी घरी दीपमाला सासूला घास भरवत होती, म्हणून ड्रोन कंपनीच्या माणसाचा फोन तिनं स्पीकरवर टाकला. त्याचा सूर रिमोटमधल्या बाईइतकाच नम्र होता.

"मॅडम, सगळी नोंद आहे आमच्याकडे. वारा फिरला हे मशीनला आठ बेचाळीसलाच कळलं. त्यानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात. मशीननं त्याचं काम केलं."

दीपमालानं फोन ठेवला. तानाबाईनं चाचपडत सुनेचं मनगट धरलं.

"माह्या डोयात गेलं तं गेलं. तू सकाळपासून काही खाल्लं का नाही?"

दीपमालाच्या हातातला घास हातातच राहिला. मांडीला टेकून बसलेली प्रेरणा मघापासून फोनकडेच पाहत होती.

"आई, त्या मशीनले सारं समजलं होतं, तं मंग ते थांबलं काहून नाही?"