साक्षीदाराची बुटकी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, पिवळी खुर्ची आहे. माझ्या पाठीवर सशाचं चित्र आहे. त्याला एकच कान आहे. सुताराने माझे कोपरे घासून घासून गोल केले होते. "पोरांना लागायला नको," असं तो बायकोला सांगत होता. मुलांची एवढी काळजी करणारा माणूस मला पुढे क्वचितच भेटला.

माझा जन्म सरकारी हुकमाने झाला. चर्चच्या शाळेतले एक फादर लहान मुलांशी फार वाईट वागतात, अशी तक्रार एका आईने केली होती. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. सरकारने चौकशी आयोग जाहीर केला आणि मुलांना बोलताना भीती वाटू नये म्हणून एक खास खोली सजवली. पडद्यांवर ढग, भिंतीवर फुगे, मधोमध मी. मंत्र्यांनी फीत कापली, सशाला थोपटत फोटो काढून घेतला. मी अगदी हुरळून गेले.

दुसऱ्या दिवशी ती आई मुलीला घेऊन आली. मुलीचे पुढचे दात पडलेले होते. मी एवढी बुटकी, तरी माझ्यावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आई, मी सगळं सांगते. मग फादर शाळेत येणार नाहीत ना?"

"नाही येणार, बाळा."

अधिकारी दारातूनच म्हणाले, "अहो बाई, खोली झाली म्हणजे आयोग झाला का? अध्यक्ष नेमायचेत अजून. कळवू तुम्हाला."

"साहेब, मोठ्या मुश्किलीने आज बोलायला तयार झालीय हो."

"मग पुढेही होईल की. आणि लहान पोरं काय, खेळात विसरून जातात."

मुलगी उठेना. आईने तिची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हाच तिच्या नखाने सशाचा कान खरवडला गेला.

मग अध्यक्ष नेमले गेले आणि निवृत्तही झाले. सरकार बदललं; नव्या सरकारने पडदे बदलले. चर्चची मोठी मंडळी आली की चहा यायचा, ती आई आली की "कळवू." माझ्यावर उभा राहून शिपाई दिवे बदलायचा.

शेवटी एकदाचा आयोग बसला. एक उंच तरुणी आत आली आणि मोठ्या खुर्चीकडे वळली.

"ती वकीलसाहेबांची," अधिकारी म्हणाले. "तुमची नोंद बालसाक्षीदार म्हणून आहे. तुमची ती, पिवळी."

ती बसली. गुडघे छातीला टेकले. कोणीतरी खुदकन हसलं. तिने माझी कड धरली आणि मी तिला ओळखलं. फादरचे वरिष्ठ, बिशप, खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या वकिलांनी विचारलं, "एवढं झालं होतं, तर तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मी याच खुर्चीवर बसले होते."

तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई वाट बघून बघून गेली. मला एवढंच सांगा, फादर अजून मुलांमध्ये असतात का?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "तो विषय आमच्या कक्षेत येत नाही."

सरकारने खेद व्यक्त केला. प्रकरण जुनं आहे, फादरची बदली झालेलीच आहे, असं सांगून खोली बंद केली. "मुलांचं सामान मुलांच्याच कामी येऊ दे," म्हणत अधिकाऱ्यांनी मला एका दूरच्या शाळेला भेट दिलं. शाळा चर्चचीच.

आता मी पहिलीच्या वर्गात असते. बदली होऊन आलेले तेच फादर इथे आहेत; म्हातारे झालेत. मुलं त्यांना आजोबा म्हणतात. काल त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्यावर बसलेल्या मुलीने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मित्रांनो, कोणी तुमच्याशी असं वागलं तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, मला रंग देऊ नका, माझा ससा नीट करू नका. घरी गेल्यावर ही मुलगी गप्प बसली, तर हातातलं काम ठेवून तिच्याशेजारी बसा. आजच विचारा. तिचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत.