तेरातला एक चिंचोका

टक्. भिंतीवरच्या पुठ्ठ्याचा एक चिंचोका सुटून खालच्या ताटात पडला. दुपारचं घर चिडीचूप. सासूबाई बाजारला गेलेल्या, सात वर्षांची करुणा माझ्या मांडीवर निजलेली. एक हात तिच्या केसांत, दुसऱ्या हातात पेन. माझं लिहिणं होतं ते असंच.

ते चिंचोके मी चिकटवले होते. करुणा खेळताना ओळी लावत होती. मी म्हटलं, मागच्या दोन ओळी मिळून पुढची कर. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. शेजारच्या कोणत्याही दोन ओळी घे, दोघींना भागणारा आकडा एकच: एक. काहून, तेही लेकराला बोटांनी दाखवलं. तेरातून आठ काढले, पाच उरले. जो तेराला आणि आठाला भागतो, तो पाचालाही भागणार. मग तिनाला, दोनाला, शेवटी एकाला. माझं बी.एस्सी. करुणाच्या वेळी राहिलं, पण हे डोक्यातून गेलं नव्हतं.

माझे मालक रविंद्र करुणाच्याच शाळेत मास्तर. शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धेला त्यांना काहीतरी न्यायचंच होतं, म्हणून त्याच ओळी मी पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या. तालुक्याला पुठ्ठा निवडला गेला, तरी घरी आले ते घाबरेघुबरे.

"चार अन् सहापासून सुरू केलं तर? सायबानं इचारलं, मी गप."

"मग दोन शेवटपर्यंत राहतो. पहिल्या दोघांत जो मोठ्यात मोठा सामाईक भाजक, तोच पुढं शेजारच्या सगळ्या जोड्यांत."

मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. मी म्हटलं, "हिंगोलीला जिल्ह्याच्या स्पर्धेत नेताना माझं बी नाव लिवा."

"अन् लोक हासले म्हंजे? मास्तर कोन हाय, मी का तू?"

मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलं: ज्योती.

पहिला नंबर आला. हार, फोटो. "माझ्या रवीचं डोस्कं!" सासूबाई गल्लीभर सांगून आल्या. पेढे मीच वाटले.

आता तेराच्या ओळीत बाराच उरले. आठ आणि बारा, दोघांना चार भागतो. भिंतीवर चूक टांगलेली आहे, आणि मालकांना ती कधीच दिसणार नाही. राहू दे, मी चिकटवणार नव्हते.

पण करुणा उठली. चिंचोका लावायचा म्हणून तिनंच पुठ्ठा उतरवला. मागे चिठ्ठी डकवलेली: 'कल्पना व निर्मिती: रविंद्र, २००३'. कोपरा उचकटला होता. तिनं नखानं ओढला, तर खाली माझं नाव.

तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"आई, दुसऱ्याचं बघून लिवलं की पप्पा आमाला छडी मारतेत. मग पप्पाला कोन मारतं?"