सण सोडून

मनिषने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून झाला होता, कोंबडा कापून झाला होता, आणि पाड्यातली सगळी मंडळी त्या पेल्याकडे बघत उभी होती. पेल्यात ताडी होती. चैत्याने ती पहाटे स्वतः झाडावरून उतरवून आणली होती.

"बाबा, मला नको," मनिष हळूच म्हणाला.

"अरे, देवाची हाय," चैत्या म्हणाला. "ज्याच्यासाठी नवस, त्यानंच पयला घोट घ्यायचा. मग बाकीच्यांनी."

भगत चिमण, म्हणजे चैत्याचा चुलतभाऊ, त्यानेही मान डोलावली. "देवाला नाय म्हणू नको, पोरा. त्यानंच सोडवलाय तुला."

चैत्या आणि भिकीचा हा एकुलता एक मुलगा. नववीत असताना शाळा सोडून तलासरीच्या हायवेवर एका धाब्यात कामाला लागला. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी त्याला दमणहून येणाऱ्या दारूच्या बाटलीची चव दाखवली, आणि सतरावं लागेपर्यंत तो सकाळी तोंड धुवायच्या आधी बाटली शोधू लागला. एकदा दोन दिवस मिळाली नाही, तर रस्त्याच्या कडेला फेफरं येऊन पडला. तिथून दवाखाना, आणि दवाखान्यातून डहाणूचं व्यसनमुक्ती केंद्र.

केंद्रातल्या शितल मॅडमनी चैत्याला समोर बसवून सांगितलं होतं, "काका, त्याला आता दारूचा एक थेंबसुद्धा चालणार नाही. घरात ठेवू नका, कोणाला देऊ देऊ नका."

चैत्याने ते अक्षरशः पाळलं. घरातली मोहाची बाटली अंगणात ओतली. पाड्यात दारोदार जाऊन हात जोडले, माझ्या पोराला कोणी पाजू नका. लग्नाला जायचा तेव्हाही मुलाला मागेच ठेवायचा. बाप असावा तर असा, असं लोक म्हणायचे, आणि चैत्याला ते मनातून आवडायचंही.

पण ताडी म्हणजे दारू, हे काही त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. दारू बाटलीत असते, दुकानात असते, पोलीस धरतात ती दारू. ताडी झाडाची. त्याचा बाप ताडी काढायचा, आजा काढायचा. भिकीचं दूध आटलं तेव्हा याच मनिषला त्याने सकाळची गोड ताडी बोटाने चाटवली होती. मुलगा केंद्रात असताना त्याने वाघोबाला बोलून टाकलं होतं, पोरगा सुटू दे, कोंबडा देईन, थंडीतल्या पहिल्या मडक्याची ताडी देईन.

आदल्या दिवशी भिकी म्हणाली होती, "त्या मॅडमला फोन करून विचारा तरी."

"देवाचं मॅडमला काय विचारायचं?" म्हणून चैत्या हसला होता.

मनिषने बापाकडे एकदा नीट पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. पाड्याने ढोल वाजवला.

त्या संध्याकाळी तो घरी जेवायला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तो हायवेवर, आणि त्याच्या हातात ताडी नव्हती. मग ते वर्ष कसं गेलं हे चैत्याला आठवायचं नसतं, आणि आठवल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात पुन्हा फेफरं आलं, या वेळी जबर. उजवा हात थरथरू लागला तो कायमचाच. शितल मॅडमनी त्याला पुन्हा केंद्रात घेतलं. चैत्याला वाटलं होतं, बाई आपल्याला फाडून खाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच नीट सांगायला हवं होतं, काका. ताडीचं नाव घ्यायला हवं होतं मी."

ते ऐकून चैत्या केंद्राच्या पायरीवर बसून रडला. घरी आल्यावर त्याने आपल्या सगळ्या ताडांवरची मडकी उतरवली आणि कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवली. चिमण भगत चिडला, धंदा सोडून खाणार काय म्हणाला. चैत्या दुसऱ्याच्या भातशेतीवर मजुरीला जाऊ लागला.

मनिष मात्र घरी परतला नाही. ज्या पाड्यात बारशापासून मयतापर्यंत पेला फिरतो, तिथे इतक्यात राहू नको, असं केंद्रात ठरलं. घोलवडला एका वाडीत त्याला चिकूच्या पॅकिंगचं काम मिळालं, तिथेच खोली मिळाली.

मग एका एप्रिलमध्ये शितल मॅडमचा फोन आला. तलासरीजवळच्या आश्रमशाळेत मनिष मुलांशी बोलणार आहे, तुम्ही या.

चैत्या वर्गात शेवटच्या बाकावर अवघडून बसला. मनिष फळ्यासमोर उभा होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कापरा हात खिशात.

नववीतल्या एका मुलीने, चिमी तिचं नाव, उभं राहून विचारलं, "दादा, एका घोटानं काय होतं?"

"तुला कदाचित काय होणार नाय," मनिष म्हणाला. "पण कोणाला होईल ते आधी कळत नाय ना. मला वाटायचं, मी पितो. नंतर कळलं, मला थांबताच येत नाय. माझंच डोकं मला सांगायचं, एवढी एकच, मग बंद. डोकं माझं, पण बोलायची दारू."

मागची मुलं हसली. तोही हसला. "हसा. मी पण हसायचो. पण हा आजार हाय, वाईट चाल नाय. म्हणून लपवू नका. मास्तरांना सांगा, आईला सांगा. मी सुटलो, परत पडलो, परत उठलो. उठताना मॅडमचा हात मागितला म्हणून उठलो. परत पडलो तेव्हा आधी लाज वाटली, मागितला नाय. त्यात माझं वर्ष गेलं, आणि हा हात गेला." त्याने खिशातला हात काढून सगळ्यांना दाखवला.

एका मुलाने विचारलं, "सुटला होतास, तर परत कोणी पाजली?"

चैत्याने मान खाली घातली. आता सांगेल, आणि सांगायलाच पाहिजे, असं त्याला वाटलं.

"कोणी नाय," मनिष म्हणाला. "मीच घेतली."

शाळा सुटल्यावर बापलेक एसटीच्या थांब्यावर आले. चैत्याला राहवलं नाही. "खोटं कशाला बोललास?"

"खोटं नाय, बाबा. पेला माझ्याच हातात होता."

चैत्याने पिशवीतून ताडगोळे काढले. मडकी लावायचं बंद केल्यापासून त्याच्या झाडांना फळ धरू लागलं होतं. मनिषच्या हाताने साल निघेना, म्हणून चैत्याने सोलून दिलं. मनिषने ताडगोळा आधी नाकाशी नेला, वास घेतला, आणि मगच तोंडात टाकला.

"ताजा हाय," चैत्या म्हणाला. "सकाळीच काढला."

"गोड हाय," मनिष म्हणाला, आणि अजून एक मागून घेतला.

घोलवडवरून जाणारी डहाणूची गाडी लांबून दिसली. चैत्या घाईघाईने म्हणाला, "यंदा वाघोबाच्या सणाला, वाघबारशीला येशील ना? तुझी आई वाट बघते."

मनिषने आपली पिशवी खांद्याला लावली. "सण सोडून कधीपण येन, बाबा."

गाडी गेली. चैत्याने सालपटं गोळा करून कडेला टाकली आणि पाड्याची वाट धरली. घरी भिकी विचारणार होती, कधी येतो म्हणाला. वाघबारस, दिवाळी, होळी, चिमणच्या मुलीचं लग्न, असं एकेक बाजूला काढत, ज्या दिवशी पाड्यात काहीच नसेल असा दिवस तो वाटभर शोधत राहिला.