दुपट्ट्याखालचा कोपऱ्याचा प्लॉट

मी दुपट्टा बोलून राहिलो, नत्थुजी दलालाचा. नाक दाबू नका! हा वास माहा नाई, तुमच्याच लोकायच्या घामट हाताचा हाय.

परतवाड्याच्या बाजारातून नत्थुजीनं मले आनलं, तवा मी पांढराफेक होतो. गोऱ्या सायबाचं राज होतं. अमरावती फुगून राहिली होती. राजापेठेकडं वावरं मोडून प्लॉट पडत, नत्थुजी ते इकून दे. भाव तोंडानं कोनी बोलत नसे. घेनारा अन् देनारा माह्याखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत. बाकीचे नुसते तोंड वासून पायत. कोनी लयच कंजूस भेटला का मी मुद्दाम घसरो अन् त्याचे हात उघडे पाडो. मजा ये!

सौदा झाला का नत्थुजी गिऱ्हाइकाले बजावे, "बावा, रजिस्टर झाल्याबिगर पैसा सोडू नका."

वावराचे मालक सूर्यभानजी. एक दिवस त्यायनं माह्याखाली नत्थुजीचा आख्खा पंजा धरला.

"नत्थू, आर्धी दलाली माह्यापाशी राहू दे. म्हातारपनी कोपऱ्याचा प्लॉट तुहा."

घरी मैनाबाई म्हने, "आवो, कागद करून घ्या न!"

"येडी हायेस काय? दुपट्ट्याखालचा शब्द हाय तो."

लोकायले कागद, अन् सोताले दुपट्टा! पाहा अक्कल.

अठरा वर्सं आर्धी दलाली तिकडंच राह्यली. मंग एक वकील आला. मालक म्हने, "नत्थू, गिऱ्हाईक तगडं हाय. कोपरा देऊन टाक. तुह्यासाठी बाजूचा." नत्थुजीनं आपलाच प्लॉट माह्याखाली इकला. मंग बाजूचा गेला. मंग त्याच्या बाजूचा.

गुडघे गेले, तवा नत्थुजी लंगडत मालकाकडं गेला.

"आता जागा कुठं, नत्थू? सारी इकली. तूच त इकली."

"मंग माही दलाली?"

"कागद दाखव."

नत्थुजीनं मले खांद्यावरून काढलं, पुढं धरलं. "याच्याखाली हात देल्ला होता, मालक."

"मंग त्यालेच इचार," मालक म्हने, अन् हासला.

पाचही बोटं धरली होती त्यानं, बाप्पा! मी बोंबललो. पन दुपट्ट्याची बोंब कोनाले आयकू येते?

नत्थुजी आता त्याच कोपऱ्यावर, वकिलाच्या बंगल्यात राखनदार हाय. आपल्याच प्लॉटाचं फाटक दुसऱ्यासाठी उघडते. मले मैनाबाईनं टराटरा फाडलं. चुलीवरचा भाताचा गरम गंज मी उतरवतो. रोज तिचे दोन हात माह्याखाली येतात. ती जोरानं दाबते.

म्हातारपन माह्याखाली ठरवू नका, बाप्पाहो. मले सारं माईत असते. पन कचेरीत चिंधीची साक्ष कोनी घेत नाई.