रिकाम्या ताटाचा अर्थ

"डाव्या हातात काटा, उजव्यात सुरी," होणाऱ्या सासरच्या टेबलाशी लेक कुजबुजली.

मास्तरांच्या पोटावरचे टाके अजून ओले.

"आणि आई, बाबांना सांग, ढेकर नको हं."

ताटात टाकलेलं अन्न रडतं, असं मास्तरांची आई सांगायची.

होणाऱ्या विहीणबाई हसतमुख, पण भाषा वेगळी. मधे दुभाषी म्हणून लेक.

मास्तर शिंपी. कात्रीला सरावलेला हात सुरीला बिचकला नाही. त्यांनी तुकडा कापडासारखा सरळ रेषेत कापला. लेकीच्या जिवात जीव आला. तिच्या आईचा मात्र टांगणीलाच. मास्तरांच्या पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी बजावलेलं, दोन-चार घास, बस्स. लेकीला याचा पत्ता नव्हता. तिचं कुठे जमतंय, त्यात आजारपणाचं विघ्न कशाला, म्हणून दोघांनी तोंडाला कुलूप लावलेलं.

मास्तरांनी ताट पुसून काढलं. विहीणबाईंनी लगेच भरलं.

पुन्हा पुसलं. पुन्हा भरलं.

आता मास्तरांच्या कपाळावर घाम. काटा सुटला, डावा हात टेबलाखाली, पोटावर.

आईने समोर पाहिलं. व्याह्यांच्या ताटात एक घास तसाच पडलेला, आणि विहीणबाईंचा वाढायचा डाव त्यांना ओलांडून सरळ पुढे. अस्सं! म्हणजे इथे रिकामं ताट म्हणजे 'आणखी वाढा'.

"अहो," ती पुटपुटली, "एक घास टाका पानात."

"लोकांच्या घरी?" मास्तर दातांतल्या दातांत. "लेकीच्या सासरी नाक कापून घेऊ?"

"टाके तुटतील."

"तुटू देत."

डाव पुन्हा आला. तिने नवऱ्याचं ताट खसकन स्वतःपुढे ओढलं. सुरी खणकन फरशीवर. सगळे थिजले. दुसऱ्याच्या ताटाला हात घालणं त्या घरात कुणी पाहिलं नसावं.

"आई! शोभतं का हे?"

"नाही शोभत. बाबांचं पोट फाडून शिवलंय, बयो. तेवढं सांग यांना, नाहीतर आई वेडी आहे म्हण. पण ताट मी देणार नाही."

लेकीने भाषांतर केलंच नाही. खुर्ची मागे ढकलून ती बाबांकडे धावली. विहीणबाई भरला डाव धरून उभ्याच.

आदल्या दिवशी लेकीने त्यांना सांगितलं होतं, माझे बाबा भिडस्त आहेत, नको म्हणाले तरी वाढत राहा.