स्टेपनीखालची किल्ली

माझे बाबा वस्तू जपून ठेवतात. इतक्या जपून, की त्या पुन्हा कोणाच्या हाती लागत नाहीत, त्यांच्याही नाही. शेजाऱ्यांच्या गाडीचं चाक चोरीला गेलं, तेव्हा बाबांनी आमच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एकेक कुलपी नट बसवला. हा नट साध्या पान्याने निघत नाही. त्याच्या खाचांत बसणारी छोटी लोखंडी टोपी लागते, तीच त्याची किल्ली. त्यानंतर गल्लीत चोर फिरकला नाही आणि किल्लीही कोणाला दिसली नाही.

आणि नेमकं आईच्या ड्रायव्हिंग परीक्षेच्या दिवशी सकाळी पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं.

बाबांना आता समोरचं अंधुक दिसतं. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं, तेव्हा त्यांनी गाडीला गिऱ्हाईक पाहून ठेवलं. आई अडून बसली, "मी शिकते." शेवटी ठरलं, आज आई पास झाली तर गाडी राहील, नाहीतर उद्या जाईल. गाडी जाणार म्हणून बाबांना अन्न गोड लागत नव्हतं आणि आई चालवणार म्हणून त्यांना घाम फुटत होता. परीक्षेला गाडी आपली आपणच न्यायची होती. आईच्या शेजारी बसायला मी रजा काढून आले होते.

"किल्ली कुठंय?" आईने विचारलं.

"जपून ठेवलीय."

"ते कळलं हो. कुठे?"

आम्ही कपाटं उपसली. आईचं हरवलेलं कानातलं सापडलं, माझं शाळेतलं ओळखपत्र सापडलं, किल्ली तेवढी नाही.

"मुद्दाम लपवलीत," आई कडाडली. "मी नापास व्हावं म्हणून!"

"अगं, मी कशाला..." बाबा चाचरले. मला त्यांची फार दया आली. ते खाली मान घालून मला म्हणाले, "डिकी उघड. स्टेपनीच्या खाली आहे."

आम्ही दोघींनी सुटकेचा सुस्कारा सोडला.

"पण एक नट उरला होता ना," बाबा पुटपुटले. "तो मी स्टेपनीला घट्ट बसवला आणि मग किल्ली फटीतून खाली सोडली. तिथे हात जात नाही."

म्हणजे किल्ली स्टेपनीखाली आणि स्टेपनी त्याच किल्लीच्या कुलपात. मला इतकं हसू आलं, की मी तिथेच डिकीच्या काठावर बसले. आई हसली नाही.

मी मेकॅनिकला फोन लावला. तोही आधी पोटभर हसला, मग म्हणाला, दुपारशिवाय जमणार नाही. आईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "कसं काढायचं ते सांगा, मी काढते."

त्याने सांगितलं. नटापेक्षा किंचित लहान तोंडाचा सॉकेट पाना घ्यायचा, हातोडीने ठोकून नटावर बसवायचा, घट्ट रुतला की लांब दांड्याने फिरवायचा. नट कामातून जातो, पण निघतो.

बाबांनी हत्यारांच्या पेटीत हात घालून बोटांनी चाचपत सॉकेट निवडला आणि नटावर धरला. "सरळ आहे की नाही ते मला हाताला कळतं. ठोक."

मी हातोडीकडे वळले. "तू नको," बाबा म्हणाले. "आईला दे."

आई हातोडी घेऊन उभी राहिली. "अहो, बोटाला लागलं तर?"

"लागू दे." त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"डोळे कशाला मिटताय? उघडे ठेवून तरी कुठे दिसतंय!"

"तू ठोक गं!"

तिने ठोकलं, पुन्हा ठोकलं. बाबांनी हळूच एक डोळा उघडला. बोटं जागेवर होती. "नेम चांगला आहे की तुझा," ते नवलाने म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिचं असं तोंडावर कौतुक केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आई लाजली आणि पुढचा घाव अंमळ जोरात पडला.

नट किंचाळत फिरला. स्टेपनी निघाली, किल्ली मिळाली, चाक बदललं आणि आम्ही धापा टाकत परीक्षेच्या मैदानावर पोचलो.

बाबा आणि मी कुंपणापाशी बाकावर बसलो. आई परीक्षकाला घेऊन निघाली.

"कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"वळणावर."

बाबा कान देऊन इंजिन ऐकत होते. "दुसरा गिअर वेळेवर टाकला," ते स्वतःशीच म्हणाले.

गाडी मागे घ्यायची वेळ आली, तेव्हा मी सांगायचंच विसरले. बाबांनी माझं मनगट पकडलं. "बोल ना गं!"

"गेली मागे. कुठे घासली नाही."

आई पास झाली. परतताना ती गाडी चालवत होती, मी मागे, आणि तिच्या शेजारी बाबा, डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरून. वाटेत त्यांनी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही. एकदाही "ब्रेक!" म्हणाले नाहीत. हात कधी मांडीवर आले, ते मला कळलंच नाही.

घराचं वळण आलं. आईने इंडिकेटर लावला.

"सरळ घे," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"कुठेही. तू सांग बाहेर काय काय दिसतंय ते."

आईने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.